मराठी बंद होती तो हिवाळा

इंग्रजी शब्द माझ्या झोपेत यायला लागले ते बसमध्ये. अकोल्याहून सुटलेली बस शहराबाहेर पडली की मी खिडकीला डोकं टेकायची आणि मूर्तिजापूर येईपर्यंत माझा डोळा लागायचा. मग वेचणी संपलेल्या कापसाच्या शेतांवरून 'नेव्हरदलेस' हळूहळू तरंगत यायचा. तो मला फार आवडायचा, घरातल्या शांत थोरल्या माणसासारखा. त्याच्या मागून 'मिटिगेट' यायचा, जरा घाईत, आणि 'अल्बीट' तर नुसता दारात उभा राहून परत जायचा. बडनेऱ्याला कंडक्टरने आवाज दिला की सगळे पांगायचे. एकदा शेजारच्या बाईने मला हलवून उठवलं आणि विचारलं, "झोपीत कोनासंग बोलून राहिली होती व?"

मी म्हटलं, "परीक्षा आहे."

"मंग जागी राहून अभ्यास कर न माय," ती म्हणाली, आणि मला एक केळं दिलं.

मी अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होते. आयर्लंडमधल्या एका दवाखान्याने मला नोकरी देऊ केली होती, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा पास करायची होती. तिचे भाग चार. ऐकणं, वाचणं, बोलणं मी पार केलं आणि लिहिण्यात अर्ध्या गुणाने अडकले. तिकडच्या लोकांनी मोठ्या मनाने होळीपर्यंत जागा राखून ठेवतो असं कळवलं. होळी त्यांना काय माहीत, त्यांनी तारीख दिली होती, पण आमच्या घरात ती होळीच्या हिशेबाने सांगितली गेली.

म्हणून दर सुटीला मी अमरावतीला जायची. राजापेठेत चपलांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे आमचा क्लास भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वकिलांच्या घरातल्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की त्यात पाय ठेवताना चप्पल काढावीशी वाटे. खाली दुचाक्यांचे हॉर्न, चपलांचा रबरी वास, आणि वर आम्ही पाचसहाजण जगातल्या पर्यावरणावर निबंध लिहीत बसलेलो. माझा निबंध वाचून त्या म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी लिहीत नाही. मराठी लिहिता आणि तिला फ्रॉक घालता."

खरंच होतं ते. 'ऑल्दो' लिहिलं की पुढे माझा हात आपोआप 'बट' लिहायचा, कारण जरी आला की तरी यायलाच पाहिजे, हे आमच्याकडे लहानपणापासून ठरलेलं असतं. आणि 'द' तर मी भाजीत मीठ टाकावं तसा टाकायची, अंदाजाने. मॅडमनी लाल पेनाने सगळे जास्तीचे 'द' उचलून बाजूला केले आणि म्हणाल्या, "जरा चव घेऊन बघत जा."

एकदा शिकवताना त्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेच्या आधी महिनाभर मराठी पूर्ण बंद करा. घरीसुद्धा. एक भाषा गप्प बसल्याशिवाय दुसरी बोलत नाही." मला ते फार पटलं. मी महिन्याची रजा काढली आणि घरी गेले.

घर म्हणजे शेंदूरजनाघाटच्या पुढे, आमच्या संत्र्याच्या बागेतलं. भाऊ नोकरीच्या गावी, त्यामुळे घरात आईबाबा दोघंच. आयर्लंडचं मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिथं ऊन पडते का?" मी म्हटलं, कमी. "मंग तिथं संत्रा होत नाई," ते म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकून बागेत निघून गेले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. आता इथे आयर्लंडमध्ये राहून पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं, इथे संत्रं होत नाही. पण तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

पोचले त्या संध्याकाळी जेवताना मी मॅडमचं म्हणणं सांगितलं. बाबांनी भाकर मोडता मोडता ऐकलं. मग विचारलं, "मराठी बंद म्हंजे पुरी बंद?"

"पुरी."

"म्हंजे ताणच द्या लागते न तुले."

आता हे जरा सांगावं लागेल. संत्र्याच्या झाडाला सुखात ठेवलं तर ते नुसती पानं काढतं. त्याला फुलवायचं असेल तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. आमच्या काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून पाणी बरेच दिवस बंद ठेवावं लागतं. पानं मलूल होतात, काही पिवळी होऊन गळतात, आणि मालक छातीवर दगड ठेवून बघत राहतो. मग पाणी सोडलं की सगळं झाड पांढरं होतं. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, म्हणून ते फुलायचं ठरवतं, असं बाबांचं मत. नेमके ते त्याच आठवड्यात बागेचं पाणी तोडणार होते.

"मॅडमनं सांगतलं न बंद, मंग बंद," ते म्हणाले. "आमाले इंग्रजी येत नाई. म्हंजे आमी तुह्यासंग बोलाचंच नाई."

आई म्हणाली, "अन् पोरीले जेवाले कसं बलवाव?"

"भूक लागली का येईन. झाडाले बलवा लागते का?"

मला हसू आलं. मला वाटलं, दोन दिवस टिकेल. पण माझ्या बापाला ओळखत असते तर असं वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला, हात पुसले, माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि तिथून पुढे एक शब्द बोलले नाहीत.

सुरुवातीचे दिवस स्वप्नातल्यासारखे गेले. हिवाळ्याचं ऊन, कोरडी हवा, आणि घरात माझ्यासाठी कोणाचाच आवाज नाही. मी खाट बागेत टाकायची. पाठ केलेले शब्द टिकेनात, म्हणून ते मी झाडांना वाटून दिले. विहिरीवर झुकलेलं, पण पाण्यापर्यंत न पोचलेलं झाड 'रिलक्टंट'. नाल्याकाठचं, ज्याच्या फांद्या टेकू देऊन सांभाळाव्या लागतात, ते 'अबंडंट'. वीज पडूनही वाचलेलं 'रेझिलियंट'. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, ओळीत सगळी क्रियाविशेषणं उभी केली. सकाळी मी ओळीतून चालत जायची आणि प्रत्येक झाडाला त्याच्या नावाने हाक मारून त्याच्यावर एक वाक्य करायची. झाडं ऐकून घ्यायची. धुऱ्यावरून जाणारा शेजारी एकदा थांबला आणि बाबांना म्हणाला, "पोरगी झाडाईसंग इंग्रजी बोलून राहिली. दाखवाचं का कोनाले?" बाबांनी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

आईला मात्र ताण देणं जमेना. ती माझ्याशी बोलत नव्हती, कुकरशी बोलायची. "आज एकाजनीसाठी भरीत केलं बाप्पा. गरम हाये तोवर खाऊन घ्या म्हना." किंवा विळीला सांगायची की अंगात स्वेटर घातलं पाहिजे, वारं सुटलंय. मी कुकरला इंग्रजीत उत्तर द्यायची. बाबांनी हे दोनतीन दिवस ऐकलं आणि मग आईवर चिडले. "चोरून पानी देऊन राहिली तू. अशानं बहार फुटत नाई, नुसती पालवी येते." त्यानंतर ती कुकरशीही बोलेनाशी झाली. तिच्या बांगड्यांवरून मला कळायचं की ती कुठल्या खोलीत आहे.

आणि इंग्रजी खरंच वर यायला लागलं. हे मी नाकारणार नाही. रिकाम्या घरात पाहुणे येतात तसं ते आलं आणि पसरून बसलं. 'हॅड आय नोन' असं उलटं वाक्य, जे मला कधी सरळ करता आलं नव्हतं, ते एका सकाळी तोंड धुताना आपोआप आलं. मी लिहिलेल्या निबंधांचे फोटो मॅडमना पाठवायची. लाल खुणा कमी होत गेल्या. 'ऑल्दो'च्या मागचा 'बट' गळून पडला. मला वाटायचं, आता अर्धा गुण कुठे जातो ते बघू.

पण दिवस गेले तशी बाग मलूल झाली. दुपारी पानं आपली आपण दुमडायची. बाबा रोज सकाळी ओळीतून फिरायचे, एखादं पान दोन बोटांत धरून पाहायचे, सोडून द्यायचे आणि पुढे जायचे. फिरून आले की ओसरीवर उभे राहून माझ्याकडेही तसंच बघायचे. मला त्या बघण्याची चीड यायची. मनात म्हणायची, मी काय झाड आहे का? पण म्हणायची इंग्रजीत.

मग ती दुपार. मी खाटेवर झोपले होते आणि स्वप्नात आई आली. डोक्यावरून पदर, पिठाचे हात तसेच, आणि तोंडात अस्खलित इंग्रजी. एकही 'द' चुकीचा नाही. ती मला काहीतरी समजावत होती, मला शब्दन् शब्द कळत होता, आणि तरी ती कोण आहे ते मला कळत नव्हतं. मी तिला सौजन्याने विचारत होते की आपण कोणाला भेटायला आला आहात. जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. मला आईला हाक मारायची होती. आई स्वयंपाकघरात होती, बांगड्या वाजत होत्या. मी गेले नाही. नियम होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीच्या पायरीवर चहा घेऊन बसले. परीक्षा जवळ आली होती, ओळीतून फिरायला हवं होतं, पण उठवेना. बाबा बागेतून आले. नेहमीसारखे उभे राहून बघत राहिले. मग दुपट्ट्याने पायरी झटकली आणि माझ्याशेजारी बसले.

"बाई," ते म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला तुह्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "बाबा, अजून ताण सुरू आहे."

"तोडला मी."

"मॅडमनी महिना सांगितला होता."

"सांगतला असन. दुपारी पान दुमडते, थे दुमडू द्याव. सकाळी उघडते थे. पन सकाळीबी उघडलं नाई, तर मंग त्याच दिवशी पानी सोडा लागते. महिना पाहात बसलं का झाड जाते." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "काल बी नाई उघडलं तू. आज बी नाई."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि आई आतून पिठाच्या हातांनी आली आणि बोलायला लागली ती थांबेचना. इतक्या दिवसांचं साठलेलं तिने एका दिवसात सांगितलं. कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोणाच्या म्हशीला पारडू झालं, गावातल्या देवळाला कोणता रंग दिला आणि तो किती वाईट दिसतो. बाबा मधे मधे तिची चूक काढत होते. मी ओसरीवर पाय पसरून ऐकत होते, आणि मला आठवत नाही की त्यानंतर कोणतीही भाषा मला इतकी गोड लागली आहे. बागेचं पाणी मात्र अजून बंदच होतं. बाबांनी फक्त माझं सोडलं.

मी मॅडमना फोन करून सांगितलं की नियम मोडला. त्यांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला मराठी बातम्या आणि मालिका बंद करायला सांगितल्या होत्या. मोबाईल इंग्रजी करा, घरी इंग्रजी कानावर पडू द्या, एवढंच. आईवडिलांना मुकं करायला मी कशी सांगेन?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी खरंच इतके दिवस पाळलं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात माझं एवढं कोणी ऐकलं नाही."

परीक्षा नागपूरला झाली. बोलण्याच्या भागात विचारलं की धीर धरावा लागला असा एक प्रसंग सांगा. मी संत्र्याच्या झाडाचं सांगितलं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवला आणि ऐकत राहिल्या. लिहिण्यातही मला वाटलं, जमलं. बाहेर आले तेव्हा अंग हलकं झालं होतं. अकोल्याला रुजू झाले, आणि तीन आठवड्यांनी, निकाल यायचाच होता तेव्हा, दोन दिवसांची सुटी काढून पुन्हा घरी आले.

मधल्या काळात बाबांनी बागेला पाणी सोडलं होतं. मी बसमधून उतरले आणि रस्त्यावरच वास आला. आमच्याकडे संत्र्याच्या फुलांचा वास येतो तेव्हा माणसं हळू बोलतात, का ते मला माहीत नाही. सगळ्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. माझे शब्द मला ओळखू येईनात, 'रिलक्टंट'सुद्धा फुलांनी भरून विहिरीत वाकून बघत होतं. मधमाश्यांचा आवाज इतका सारखा होता की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा एका झाडाचं आळं नीट करत होते आणि मी बाजूला बसले होते. फोन वाजला. निकालाचा मेल होता. मी उघडला. ऐकणं, वाचणं, बोलणं, सगळं वर. लिहिणं अर्ध्याने कमी. तोच अर्धा.

मी म्हटलं, "गेलं, बाबा. लिहिण्यात अर्ध्यानं."

त्यांनी वर पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते आलं आणि मग त्यांना कळलं की आलं आहे, आणि त्यांनी ते आवरलं. मी पाहिलं ते पाहिलंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमाले आनंद झाला," मी म्हणाले.

दुसरा कोणी बाप असता तर नाही म्हणाला असता. बाबांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि मातीतच मांडी घातली.

"झाला," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू? तू आयर्लंडचं सांगतलं तवापासून म्या देवाले एकच मांगतलं, का हे नको होऊ. ताण द्याचं म्हनलं तवाबी मनात हेच होतं. बोललो नाई तर बरं, मले वाटे. बोललो तर तोंडातून निंघून जाईन, का नको जाऊ."

 त्या साऱ्या दिवसांत मला वाटत होतं की हा माणूस माझ्या परीक्षेसाठी गप्प आहे.

"आता निंघालं तोंडातून," ते म्हणाले. "मोकळं झालं. पन तू माह्या आनंदावर नको जाऊ, बाई. माह्या आनंद म्हातारा हाये. होळी अजून व्हाची हाये न? मधात अजून एखादी तारीख असन तर फारम भर. आता भर. माह्यासमोर."

"परत नापास झाले तर?"

"तर म्या परत खुश होईन," ते म्हणाले. "अन् तू परत भरजो."

मी फोन हातात घेतला. ऊन थेट पडलं होतं, स्क्रीनवर नुसतं माझंच तोंड दिसत होतं. बाबा उठले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि माझ्यावर सावली करून उभे राहिले. हात वर करून फार वेळ उभं राहणं त्यांना जमत नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी नाव घातलं, जन्मतारीख घातली. होळीच्या आधीची शेवटची एक जागा शिल्लक होती.

"दिसून राहिलं का?" त्यांनी वरून विचारलं. दुपट्टा एका बाजूने खाली येत होता.

"दिसते, बाबा," मी म्हणाले. मला काहीच दिसत नव्हतं.